चवथीची गोळी

महिन्यातून एकदा मी अंगणवाडीत गावातल्या बायका जमवते आणि त्यांच्यापुढे एक ताट मांडते. ताट घरचंच, हळदीकुंकवाचं. त्यात निरोधची पाकिटं, रोजच्या गोळ्यांची पुडी, आठवड्याच्या गोळ्यांची पुडी, एक तांबी, इंजेक्शनची रिकामी कुपी आणि संबंध आल्यावर बहात्तर तासांच्या आत घ्यायची ती एकुलती एक गोळी असं सगळं असतं. पहिल्या खेपेला बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आता हसत नाहीत, आता भाजीवालीशी बोलावं तशा बोलतात. ही घेतली तर काय त्रास, ती घेतली तर काय त्रास. मी आमच्या गावची आशा. सरकारच्या आरोग्यखात्याचं गावातलं काम बारा वर्षं करते आहे आणि त्या ताटातल्या प्रत्येक वस्तूचे गुणदोष मला कुणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील.

एवढं येत असून माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी जे झालं ते मला थांबवता आलं नाही. याचा मला रागही येतो आणि लाजही वाटते.

आमचं गाव फोंडाघाटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. भात, काजू आणि आंब्याची चार झाडं. घरात सासूबाई, मी, माझा नवरा, आमची दोन मुलं आणि माझी धाकटी जाऊ, तिची एक मुलगी आणि एक मुलगा. दीर गोव्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. वर्षातून चार-पाचदा येतो. जाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा ती मला ‘वयनी’ म्हणायची आणि माझ्या मागेमागे फिरायची, अजूनही फिरते. भांडणं आमची दोघींची झालीच नाहीत असं नाही, पण ती नारळ कुणी किसायचा असल्या कारणांवरून.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणात मी तिच्याबरोबर होते. मुलगा झाला, रडला, सगळं नीट. आणि मग तिचं रक्त थांबेना. कणकवलीहून तिला गाडीत घालून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हात थंड पडत चालला होता. तीन बाटल्या रक्त चढवलं. वाचली. घरी सोडताना डॉक्टरीण बाईंनी सासूबाईंना आणि मला समोर बसवून सांगितलं की आता तिसरं नको, तिसरं म्हणजे जिवाशी खेळ. सासूबाईंनी हात जोडले. ‘नको गे बाय, दोन आसत ती पुरे,’ असं त्याच म्हणाल्या. एक झील, एक चेडू, कुणाला कसली हाव नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की नातवासाठी छळ चालला होता. तसं काही नव्हतं.

मग प्रश्न उरला तो एवढाच की काय करायचं. आणि ते काम माझं.

सगळ्यांत चांगलं तिचं ऑपरेशन. एकदा केलं की आयुष्यभराची काळजी मिटते, माझं स्वतःचं दुसऱ्या मुलानंतर लगेच झालंय. शिबिराच्या दिवशी तिला घेऊन गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. ‘वाढवून आणा,’ म्हणाले आणि परत पाठवलं. लोहाच्या गोळ्या, नाचणी, पालेभाजी, गूळ, सगळं करून चार महिन्यांनी रक्त वाढलं तेव्हा लावणी तोंडावर आली. सासूबाई म्हणाल्या, आता हिला आठ दिवस निजवून ठेवली तर भाताचा तरवा कोण काढणार? मग कापणीनंतर बघू म्हणून राहिलं. कापणीनंतर पोराला ताप. ऑपरेशन असं आमच्या घरात दर वेळी पुढच्या हंगामावर गेलं. कुणी नाही म्हणालं नाही, आणि झालंही नाही.

दिराचं ऑपरेशन हे त्याहून सोपं. टाका नाही, दोन दिवसांत माणूस कामाला. मी फोनवर समजावलं. तो म्हणाला, ‘वयनी, माका थय मोठी मोठी पातेली उचलूची लागतत.’ त्याचा पातेल्याशी काही संबंध नसतो हे मी सांगितलं. तो ‘बरां’ म्हणाला आणि विषय बदलला. माझा नवरा शेजारी बसून हे ऐकत होता, तो पेपरमध्ये डोकं घालून बसला. पुरुषांच्या बाबतीत मी गावात कधी कुणाला दोष देत नाही, पण आमच्या गावातून आजवर एकही पुरुष मी नेऊ शकले नाही.

निरोध तर या घरासाठीच केल्यासारखा होता. नवरा वर्षातून पाच वेळा येणार, आला तेवढ्या दिवसांपुरतं सांभाळलं की झालं. गोळी नाही, सुई नाही, बाईच्या अंगाला काही नाही. पण तो वापरणाऱ्याच्या मनावर. शिमग्याला दीर आला तेव्हा मी जावेच्या हातात पाकिटं दिली होती, तो परत गेल्यावर तेवढीच्या तेवढी मला मिळाली. तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुदैवाने त्या वेळी निभावलं.

तांबी बसवली की पाच-दहा वर्षं बघायला नको, पण पाळीत अंगावर जास्त जातं, आणि हिच्या अंगात आधीच रक्ताची बोंब. नर्सबाई म्हणाल्या, हिला नको. मग इंजेक्शन. तीन महिन्यांतून एकदा, लक्षात ठेवायची कटकट नाही. ते घेतल्यावर तिला मधूनच थोडे थोडे डाग लागायला लागले. आज आहे, उद्या नाही, परवा परत आहे. पहिल्या इंजेक्शनला असं होतं, पुढे थांबतं, हे मी ताटापुढे बसून शंभरदा सांगितलंय. पण आमच्या घरात अजून पाळी पाळतात. डाग लागला की बाई बाहेरची, चुलीकडे जायचं नाही, देवाकडे जायचं नाही. दोन महिने अर्धा वेळ ती पडवीत. जावेला खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटत होतं, मला म्हणाली, ‘वयनी, लग्न झाल्यापासून एवढा बसूक गावला नाय गो.’ सासूबाईंना मात्र ती आज आत आहे की बाहेर हेच समजेना आणि त्यांचं डोकं फिरलं. दुसरं इंजेक्शन राहिलंच. आठवड्याची गोळी तेव्हा केंद्रात संपलेली.

शेवटी रोजची गोळी. एकवीस पांढऱ्या, सात लोहाच्या, आणि लोहाच्या खाताना पाळी येते. ही तिला लागू पडली. पाळी वेळेवर यायला लागली, रक्त कमी जायला लागलं, चेहऱ्यावर जरा तेज आलं. रोज आठवण ठेवायची एवढाच त्रास. ती पुडी ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवायची आणि न चुकता घ्यायची. कधीतरी कुरकुर करायची की घोव गोव्यात आणि गोळी हय रोज कोणासाठी खावची? मी म्हणायचे, तुझ्यासाठी. सव्वा वर्ष हे असं नीट चाललं. मी मनात म्हटलं, सुटलो. मीटिंगमध्ये मी तिचं नाव न घेता तिचंच उदाहरण द्यायला लागले होते.

मग गेल्या वर्षीची चवथ आली.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. दोन वेळचा नैवेद्य, आल्यागेल्याचं चहापाणी, गौरीचं वेगळं, मोदक, भजनाला येणाऱ्यांना उसळ. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे दोन सुना आणि दोन्ही ‘आत’ असायला हव्यात. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी बायका करतात तेच आम्ही करतो: पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतो. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करायची आणि विसर्जन झालं की बंद. कोणी कुणाला काही सांगावं लागत नाही. मी फोंडाघाटच्या बाजाराला गेले की कापूर, गुलाल, अगरबत्ती यांबरोबर मेडिकलमधून तीन पुड्या आणते, एक माझी, एक जावेची, एक शेजारच्या वहिनीची. त्या वर्षीही आणल्या. जावेच्या हातात पुडी दिली, ‘दिवसाक तीन,’ म्हणाले आणि मखराच्या कागदाची कातरी शोधायला गेले.

माझं ऑपरेशन झालेलं आहे. मी ती गोळी घेते ती फक्त स्वयंपाकघरासाठी. त्यापलीकडचा विचार करायची माझ्यावर वेळच येत नाही, आणि म्हणून तो मला त्या दिवशी सुचला नाही. बारा वर्षांत मी ताटात सहा वस्तू मांडल्या, पण पाळी पुढे ढकलण्याची गोळी कधी मांडली नाही, कारण ती गर्भ रोखणाऱ्यांतली नाहीच. ती त्यातली नाही हे मला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं होतं?

दीर आदल्या दिवशी आला. गोव्याहून पोरांना कपडे आणि सासूबाईंना मऊ चप्पल घेऊन. घर भरलं. पाच दिवस आरत्या, टाळ, वाफा, भांडी. जाऊ हसत होती, मोदकाच्या कळ्या तिच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. माझी कामाची पिशवी त्या पाचही दिवसांत माजघराच्या दाराआड खुंटीला होती. तिच्यात बहात्तर तासांची गोळी होती. मला ती पिशवी अजून तशी लटकलेली दिसते.

विसर्जन झालं, दीर गेला. ढकलण्याची गोळी बंद केली की पाळी चार-पाच दिवसांत येते. माझी आली. तिची आली नाही. ती काही बोलली नाही, तिला वाटलं गोळीचा जोर अजून आहे. कापणी सुरू झाली तेव्हा एक दिवस खळ्यात भात झोडताना ती मधेच बसली आणि म्हणाली, ‘वयनी, पोटात ढवळता.’

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला घरात नेलं, पिशवीतली तपासणीची पट्टी काढली. दोन रेषा आल्या. दुसरी जरा पुसट होती, म्हणून मी आणखी एक पट्टी काढली. तिच्यावर दोन्ही स्पष्ट आल्या.

‘रोजची गोळी घेतलंस मा?’ मी विचारलं.

‘ती बंद केलंय मा,’ ती म्हणाली, अगदी सहज. ‘चवतीची चालू केलंय तेवा ती बंद केलंय. दोन दोन गोळयो एकदम घेतल्यार गरम पडतली. आणि पाळीच अडवून धरलेली, मगे पोर खयसून रवतला?’

तिच्या हिशेबात चूक काढायला जागाच नव्हती. वाट बंद आहे तर कोणीच येणार नाही, एवढं साधं. आणि खरं सांगायचं तर तिला चवथीची वेगळी गोळी घ्यायचीच गरज नव्हती. रोजच्या पुडीतल्या लोहाच्या सात बाजूला ठेवून नव्या पुडीतल्या पांढऱ्या चालू ठेवल्या असत्या तर पाळी आपोआप पुढे गेली असती आणि ती सुरक्षितही राहिली असती. दोन वाक्यं होती. मी ‘दिवसाक तीन’ एवढंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दोघी कणकवलीला गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, अजून लवकर आहे, गर्भ काढायला काही अवघड नाही, पण आठवड्याच्या आत या. कागदावर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. हे मी तिला बाहेर आल्यावर पुन्हा सांगितलं. ती एसटीत खिडकीला बसली होती. म्हणाली, ‘घरात सांगूचा तर पडतला.’

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला. दवाखान्यात तीन दिवस त्या तिच्या उशाशी बसलेल्या, त्या काही विसरल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, ‘चवतीत रवलेला गो ता. गणपती घरात बसलेलो तेवा. माझ्या जिबेक नको म्हणूक कसा येतला?’ आणि थोड्या वेळाने, ‘देवाक विचारूया. तो सांगात तसा.’ दिराला फोन केला तर त्याने आईवर सोपवलं, ‘आवस म्हणता तसा करा.’

मी रक्ताचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, गाडीतल्या थंड हाताचं सांगितलं. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘माका म्हायत नाय काय? म्हणून तर देवाक विचारूचा.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर मी भांडले असते.

आमच्याकडे देवाला विचारतात ते कौल लावून. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गावकार म्हणजे गावचा मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे त्या पाकळ्यांकडे बघत उभे राहतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काय विचारलंय ते देवाने ऐकावं म्हणून गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. त्यामुळे माझ्या जावेच्या पोटात काय आहे ते त्या सकाळी देवळात असलेल्या सगळ्यांना कळलं.

मी देवळापर्यंतच्या वाटेत सासूबाईंना सांगत होते की विचारायचंच तर नीट विचारा, ठेवायचं की नाही असं विचारा. त्या मान हलवत होत्या. पण गाऱ्हाणं गावकार घालतो, आणि गावकाराला देवापुढे कुठल्या गोष्टी कशा बोलायच्या हे ठरलेलं असतं. गर्भ काढायचा का, असं देवाला विचारायची त्याच्या तोंडाला सवय नव्हती. तो म्हणाला:

‘बा देवा म्हाराजा, ह्या घरची म्हातारी आज तुझ्या पायाकडे इली आसा. तिची धाकटी सून गरवार आसा. मागच्या खेपेक तिच्या जिवावर इल्ला. तर काय वाकडा-नाकडा येयत ता दूर करून, तिका आणि तिच्या पोटातल्या जिवाक सांबाळून तिची सुखरूप सुटका करशीत, तर उजवो कौल दी रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले.

सगळ्यांत मीही होते. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं संपलं की तोंड आपोआप उघडतं. हात जोडलेले, डोळे पाषाणावर, आणि तोंडाने व्हय म्हाराजा. जाऊ माझ्या उजव्या बाजूला उभी होती, तिने ते ऐकलं.

उजवी पाकळी पडायला फार वेळ लागला नाही. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. गुरवाने प्रसाद जावेच्या ओटीत घातला. देवाने सांभाळतो म्हणून सांगितलं होतं, आता त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? देवाला तिच्या अंगात रक्त किती ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवड्यातले चार दिवस उरले होते. मी तिला विहिरीवर गाठून पुन्हा म्हटलं, सही तुझी एकटीची पुरे, मी येते बरोबर, घरात मी बघते काय ते. ती घागर भरत होती. म्हणाली, ‘सही माझी गो वयनी, पण रवाचा खंय? उद्या घरात कोणाक काय बराबाईट झाला तर म्हणतले, देवान दिलेला हिना पाडल्यान.’ मी म्हटलं, मी नाही म्हणणार. ती म्हणाली, ‘तूच देवळात व्हय म्हटलंस मा.’ तिने ते रागाने म्हटलं नाही. मला वाटतं ती खरोखर विचारत होती.

चार दिवस गेले. नंतरही कायद्याने वेळ होता, मी आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आता पुरे. मग मी माझ्या वहीत तिचं नाव गरोदर बायकांच्या यादीत घातलं आणि शेजारी लाल पेनने जोखमीची खूण केली. तेव्हापासून माझ्या हातात राहिलं ते एवढंच, की लोहाच्या गोळ्या द्यायच्या, दर महिन्याला रक्त तपासायला न्यायचं, रक्त देणाऱ्या दोन माणसांचे नंबर जपून ठेवायचे, गाडीवाल्याला सांगून ठेवायचं. हे सगळं मी करते. रक्त नऊपर्यंत आलंय. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तारीख जवळ आली की आठ दिवस आधीच येऊन राहा, आणि त्याच वेळी ऑपरेशनही उरकू, जमलं तर. जमलं तर, हे त्या दोनदा म्हणाल्या.

परवा ती खळ्याच्या कडेला सावलीत काजूच्या बिया निवडत बसली होती. आठवा सरत आलाय. पोट घेऊन तिला वाकता येत नाही, म्हणून टोपली स्टुलावर ठेवली होती. मी तिची गोळ्यांची पुडी घेऊन गेले. ती आपल्याशीच काहीतरी मोजत होती. मला बघून म्हणाली, ‘वयनी, औंदा चवतीक बाळ तीन महिन्यांचा आसतला मा?’

‘होय.’

‘म्हणजे अंगावर पिता आसतला. पाळी येवची नाय. औंदा माका गोळी लागूची नाय.’ आणि हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली.

परत तोच हिशेब. अंगावर पाजलं की काही महिने संरक्षण असतं हे खरं, पण रात्रंदिवस फक्त अंगावरच पाजायला लागतं, सहा महिन्यांच्या आतच, आणि पाळी यायच्या आधीच बाईला पुन्हा दिवस राहू शकतात. या वेळी मी गप्प बसायचं नाही ठरवलं. तिच्यासमोर खाली बसले आणि सांगायला सुरुवात केली. पाळी नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, ऑपरेशन त्याच वेळी झालं नाही तर काय करायचं, तांबी लगेच बसवता येते पण तुझं रक्त, पाजणाऱ्या बाईला रोजची ती गोळी चालत नाही, आठवड्याची चालते, ती मी आत्तापासून मागवून ठेवते. मी बोलत होते आणि ती हातातली बी तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मग तिने ती बी टोपलीत टाकली.

‘वयनी,’ ती म्हणाली, ‘आदी माका दवाखान्यातसून जिती येवंदे. मगे सांग.’

मी पुडी तिच्या बाजूला ठेवली.

‘व्हय,’ मी म्हटलं.